काचेच्या टाकीतला समुद्र



आज मी तुम्हांला मासे पाळण्याविषयी सांगणार आहे. शेततळ्यात विकण्यासाठी पाळतात, ते मासे नव्हेत. घरात, काचेच्या टाकीत, नुसते बघण्यासाठी ठेवतात ते मासे. तुम्ही म्हणाल, मास्तरांना आज हे काय सुचले? उसाची लागण अंगावर आली आहे आणि हे मासे बघायला सांगतात! पण हा विषय मी काढलेला नाही. तो तुमच्यातल्याच एका घरातून आला आहे.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. वर्ग सुटला. सगळे गेले. एक गृहस्थ मात्र दाराशी थांबले. त्यांच्या आई आपल्या वर्गात येतात. आजही त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत. गृहस्थ म्हणाले, "मास्तर, पोरानं हट्ट धरलाय. पुण्याला एका हाटेलात काचंच्या पेटीत समुद्र बघून आलाय. रंगीत दगडं, रंगीत मासं. तसंच घरात पायजे म्हणतोय. दुकानदारानं चाळीस हजार सांगितल्यात. उसाचं बिल हातात हाय. देऊ का? मासं जगतील का?"

मी म्हटले, "आज पैसे देऊ नका. मला थोडी सवड द्या. मी सांगतो." असे का म्हटले? तर मी स्वतः मासे पाळले आहेत, आणि मारलेही आहेत. हौसेने मारले. अज्ञानाने मारले. ते सगळे आज सांगतो.

आधी हे बघू, की त्या पोराने पाहिले काय?

त्याने जे रंगीत दगड पाहिले ते दगड नव्हेत. ते प्रवाळ. आपण ज्याला पोवळे म्हणतो त्याचे हे भाऊबंद. मंगळासाठी बोटात घालतात ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातून येते. पण प्रवाळाच्या शेकडो जाती आहेत. प्रवाळ हे झाड नाही, दगडही नाही. तो प्राणी आहे. तिळाएवढा, ज्वारीच्या दाण्याएवढा बारीक जीव. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात. प्रत्येक जण आपल्या बुडाखाली चुना साठवतो. पिढ्यान्‌पिढ्या असा चुना साठला, की समुद्रात मोठी भिंत तयार होते. तिला प्रवाळाची भिंत म्हणतात.

या प्राण्याच्या अंगात आणखी एक जीव राहतो. ते अगदी बारीक शेवाळ असते. प्रवाळ त्याला घर देतो. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि घरमालकाला भाडे म्हणून त्यातले बरेचसे देते. प्रवाळाचे पुष्कळसे रंगही या भाडेकरूमुळे दिसतात. पाणी फार तापले, की हे भाडेकरू घर सोडतात. मग प्रवाळ पांढरा पडतो. पाणी लवकर निवळले तर भाडेकरू परत येतात. नाही निवळले, तर प्रवाळ उपासमारीने मरतो. १९९८ साली जगातल्या अनेक समुद्रांत असे झाले. आपल्याकडे लक्षद्वीपलाही झाले.

आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीच्या पाण्यात ते आहेत. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणखी एक जागा आहे. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे. तिथेही प्रवाळ आहेत. त्या पठाराला आंग्रिया बँक म्हणतात. कान्होजी आंग्र्यांचे नाव! आपल्या सातारच्या गादीचे ते सरखेल.

आता एक गोष्ट कानात साठवून ठेवा. मालवणच्या सहलीला आपली पुष्कळ माणसे जातात. येताना कोणी पांढरा, भोकाभोकांचा दगड पिशवीत घालून आणतो. घरी देव्हाऱ्यापाशी किंवा टीव्हीवर ठेवतो. तो दगड नव्हे. तो प्रवाळाचा सांगाडा आहे. दगड घडवणारे सगळे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच यादीत वाघ आहे. म्हणजे वाघाचे कातडे घरात ठेवणे आणि प्रवाळ समुद्रातून तोडून आणणे, कायद्याला दोन्ही सारखेच. तुरुंगवास होतो. दुकानदार म्हणेल, "काही होत नाही हो, सगळे नेतात." होणार ते तुम्हांला होईल, दुकानदाराला नव्हे.

आता माझी गोष्ट सांगतो.

मी लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला गेलो होतो. मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय होते, ते १९५१ साली उघडले. त्यात मी पहिल्यांदा काचेमागचा मासा पाहिला. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. मागून गुरुजींनी कान धरून ओढला, तेव्हा हललो. ते वेड डोक्यात राहिले. पुढे नोकरी लागली. लग्न झाले. घर बांधले. मग एक टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिच्यात छप्पन लिटर पाणी मावते. पाच घागरी धरा.

टाकी आणली त्याच दिवशी नळाचे पाणी भरले. त्याच संध्याकाळी सहा मासे सोडले. सकाळी उठून पाहतो तर सहाच्या सहा उलटे. पांढरी पोटे वर.

मला कळेना. रोग म्हणावा, तर एका रात्रीत सहा कसे जातील? शेवटी आमच्या गावचा पाणी सोडणारा गडी म्हणाला, "मास्तर, काल टीसीएल जरा जास्त पडली होती. पावसाळी दिवस, वरून हुकूम होता." तेव्हा डोक्यात उजेड पडला. टीसीएल पावडर म्हणजे क्लोरीन. तिने पाण्यातले रोगजंतू मरतात, म्हणून ती टाकलीच पाहिजे. माणसाला तेवढ्याने काही होत नाही. पण मासा पाण्यातच श्वास घेतो. त्याचे कल्ले क्लोरीनने भाजतात. ते पाणी माणसासाठी चांगले होते. माशासाठी ते जहर होते. त्यात त्या गड्याची काही चूक नव्हती. चूक माझी.

उपाय सोपा आहे. नळाचे पाणी रुंद भांड्यात, उघड्यावर, दिवसभर ठेवावे. मधून मधून ढवळावे. क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर क्लोरीन मारायचे थेंब दुकानात मिळतात. विहिरीच्या पाण्यात टीसीएल टाकली नसेल, तर हा प्रश्न नाही. मग दुसरे प्रश्न असतात, पण ते पुढे.

दुसऱ्या खेपेला मी पाणी मुरवून घेतले. मासे दोन आठवडे मजेत राहिले. मी मात्र फार टापटिपीचा माणूस! दर रविवारी टाकी रिकामी करायची, खडे घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र करायचा. बायको म्हणायची, "घरातली भांडी तेवढी कधी घासली न्हाईत." तिसऱ्या आठवड्यात मासे पाण्याच्या वर तोंड काढू लागले. चौथ्या आठवड्यात टाकी रिकामी झाली. या वेळी स्वच्छतेने मारले.

हे कसे झाले ते समजण्यासाठी कोणाला काही नवे शिकावे लागणार नाही. तुम्ही शेतकरी आहात. तुम्हांला ते येतेच.

गोठ्यात सकाळी गेल्यावर डोळे चुरचुरतात. तो वास अमोनियाचा. जनावराच्या मुतातून तो निघतो. माशाची घाण आणि उरलेले खाणे पाण्यात कुजते, तेव्हाही अमोनियाच होतो. मासा त्यातच पोहतो. गोठ्याला दार असते, टाकीला दार नाही.

आता उसाला तुम्ही युरिया टाकता. ऊस काय युरिया तसाच खातो? नाही. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. युरियाचा आधी अमोनिया होतो. एक जातीचे जीव त्या अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे जीव त्याचे नायट्रेट करतात. मग पीक ते उचलते. काचेच्या टाकीतही हेच जीव हेच काम करतात. अमोनिया माशाला जहर. नायट्राइटही जहर. नायट्रेट मात्र फार साठले नाही तर चालते. हे जीव कुठे राहतात? खड्यांवर आणि स्पंजमध्ये. आणि मी मूर्ख दर रविवारी त्यांना नळाखाली धरून मारत होतो. टीसीएलच्या पाण्याने!

म्हणून सांगतो, मासे पाळायचे म्हणजे आधी पाणी पाळायचे. माळाची जमीन नांगरली आणि लगेच ऊस लावला, तर येतो का? तिला शेणखत घालावे लागते. गाळ घालावा लागतो. एक-दोन साल वाट बघावी लागते. पाण्याचेही तसेच आहे. लोणच्यासारखे ते मुरावे लागते. टाकीत पाणी भरायचे, खडे घालायचे, स्पंजचा फिल्टर चालू करायचा, आणि मासे आणायचे नाहीत. रोज चिमूटभर माशांचे खाणे टाकायचे. ते कुजेल. अमोनिया होईल. तो खाणारे जीव आपोआप येतील आणि वाढतील. याला चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत जास्तही लागतात. सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसायची! दुकानदार हे सांगत नाही. कारण त्याला आजच मासे विकायचे असतात.

पाणी मुरले की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी थेंबांच्या बाटल्या मिळतात. नळीत टाकीचे पाणी घ्यायचे, मोजून थेंब टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे, आणि रंग बघायचा. आपल्याकडच्या बाटल्यांत पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. नायट्राइटच्या नळीत आकाशी म्हणजे नाही, जांभळा म्हणजे आहे. दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळे असतील. डब्यातल्या कागदावर ते छापलेले असतात. वाचून घ्यावे. वाचता येते आता तुम्हांला.

ही काचेच्या टाकीची युक्ती कोणाची? १८३२ साली इटलीजवळच्या सिसिली बेटावर एका बाईने काचेच्या टाक्या करून घेतल्या आणि त्यांत समुद्राचे जीव ठेवून पाहिले. तिचे नाव झान व्हिलप्रो-पॉवर. फ्रान्सच्या एका लहान गावातली. बाप जोडे शिवणारा. ती स्वतः शिवणकाम करून पोट भरायची. लग्नानंतर ती समुद्रकाठी राहायला गेली आणि समुद्राच्या जिवांचा अभ्यास करू लागली. एक जीव शंखात राहतो. तो शंख त्याचा स्वतःचा, की दुसऱ्याचा चोरलेला, यावर मोठमोठे पंडित भांडत होते. या बाईने टाकीत जिवंत जीव ठेवले आणि रोज पाहिले. तो शंख तो स्वतःच तयार करतो हे तिने दाखवून दिले. रोज बघणे आणि लिहून ठेवणे, एवढ्यावर तिने पंडितांचा वाद मिटवला.

आता समुद्राकडे वळू. कारण पोराला हवा आहे समुद्र.

समुद्राची टाकी करायची तर पाणी खारट हवे. एक लिटर पाण्याला सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ. म्हणजे आपल्या छप्पन लिटरच्या टाकीला जवळजवळ दोन किलो. ते स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसते. चुना असतो, मॅग्नेशियम असते, आणखी पुष्कळ क्षार असतात. प्रवाळाला हाडासाठी चुना लागतो. त्यासाठी तयार मिश्रण मिळते. महाग असते. आणि ते विरघळवायला पाणी कोणते घ्यायचे? बोअरचे नको. आपल्या बोअरचे पाणी जड. शिवाय शेतातला नायट्रेट त्यात उतरलेला असतो. नाणे टाकून कॅन भरून आणतो ते आरओचे पाणी घ्यावे.

खारेपणा मोजायचा कसा? डेअरीत दूध घालता ना? तिथे दुधात काचेची नळी बुडवतात आणि डिग्री सांगतात. तशीच एक नळी समुद्राच्या पाण्यासाठी असते. दुधाची डिग्री अठ्ठावीस आली की डेअरीवाला खूश. समुद्राच्या पाण्याची डिग्री पंचविसाच्या आसपास असते. दुधाची नळी मात्र त्यात बुडवू नका. समुद्राच्या पाण्यासाठी त्याचीच नळी घ्या.

पुढची गोष्ट मिरज-शिरोळ भागातली माणसे माझ्यापेक्षा चांगली सांगतील. टाकीतले पाणी रोज वाफ होऊन उडते. उन्हाळ्यात जास्तच. पातळी खाली गेली, की माणूस काय करतो? पुन्हा मिठाचे पाणी ओततो. आणि तिथे फसतो. कारण उडते ते पाणी. मीठ उडत नाही. मीठ मागे राहते. वरून आणखी मीठ घातले की पाणी दिवसेंदिवस जहाल होते. हे तुम्ही कुठे पाहिले आहे? कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत! पाटाचे पाणी भरमसाट दिले. निचरा नाही. पाणी उन्हाने उडाले. क्षार वर आले. जमिनीवर पांढरा थर चढला. सोन्यासारखी जमीन गेली. टाकी म्हणजे काचेत बसवलेली क्षारपड जमीनच समजा. म्हणून काचेवर पट्टी चिकटवून पातळीची खूण करावी. रोज त्या खुणेपर्यंत नुसते गोडे पाणी घालावे. मिठाचे पाणी फक्त आठवड्यातून एकदा, जुने पाणी थोडे काढून टाकले तर तेवढेच.

आणि ते काढलेले पाणी तुळशीला घालू नका. गोड्या पाण्याच्या टाकीचे जुने पाणी झाडाला खत आहे. खाऱ्या पाण्याने तुळस जळेल. परड्यातही ओतू नका.

समुद्राच्या टाकीत अमोनिया जास्त जहाल ठरतो. म्हणून तिथे पाणी मुरवण्याची घाई तर मुळीच करू नये. तिथे भोकाभोकांचे दगड ठेवतात. त्या भोकांत जीव राहतात. १९६१ साली इंडोनेशियातल्या जाकार्ताच्या ली चिन एंग नावाच्या माणसाने आपली रीत छापून सांगितली. समुद्रातले जिवांनी भरलेले दगड, हवेचे बुडबुडे, ऊन. बस्स! त्याला मोठी यंत्रे लागली नाहीत. पण त्याच्या दाराशी समुद्र होता. पाणी बिघडले की ताजे आणता येत होते. आपल्याला समुद्र गाठायचा तर कुंभार्ली घाट उतरून जावे लागते. शिवाय आपल्याकडे समुद्रातून तसे दगड उचलायचे नाहीत. मातीचे भाजलेले किंवा सिमेंटचे केलेले दगड मिळतात. ते चालतात. त्यांत जीव वसायला वेळ लागतो, एवढेच.

मासे कोणते? तांबड्या अंगावर पांढरे पट्टे असलेला एक छोटा मासा असतो. त्याला क्लाउन म्हणतात. तो चिवट आहे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हौदात त्याची पैदास करून दाखवली आहे. म्हणून हौदात जन्मलेलाच मासा मागावा. समुद्रातून पकडलेला नको. या माशाची एक गंमत सांगतो. तो जन्मतो तेव्हा नरच असतो. कळपातला सगळ्यांत मोठा असतो तो मादी होतो. ती मेली की दुसऱ्या क्रमांकाचा नर मादी होतो. हसू नका. खरे आहे.

मग प्रवाळ? खरा प्रश्न तिथेच आहे. प्रवाळाला पाणी चोवीस ते सत्तावीस अंश लागते. सांगलीचा एप्रिल तुम्हांला ठाऊक आहे. पारा चाळिसावर जातो. पत्र्याच्या घरात तर विचारू नका. पाणी तिसाच्या वर काही दिवस राहिले, की मघाशी सांगितले ते भाडेकरू घर सोडतात. पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश निवते, माठातले निवते तसे. पण मग पाणी जास्त उडते, म्हणजे वरून घालण्याचे काम वाढते. पाणी गार करण्याचे यंत्र मिळते. त्याची किंमत ऐकलीत तर तुम्ही त्यापेक्षा शेळ्या घ्याल. आणि यंत्र घेतले तरी वीज? वीज गेली की यंत्र बंद, हवेचा पंप बंद. गरम पाण्यात हवा आधीच कमी मावते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. तुमच्यापैकी काहींनी तो डोळ्यांनी पाहिला. पाण्यात घाण आली, की तिला कुजवणारे जीव पाण्यातली हवा ओढून घेतात. माशाला उरत नाही. एवढ्या मोठ्या नदीत जे होते ते पाच घागरींच्या टाकीत व्हायला किती वेळ लागेल? बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असलाच पाहिजे. तो स्वस्त आहे. रात्री दोनला वीज गेली तर उठून तो लावणारा माणूसही घरात असला पाहिजे. तो दुकानात मिळत नाही.

म्हणून मी त्या गृहस्थांना सांगितले, "चाळीस हजार आत्ता देऊ नका. प्रवाळ तर नकोच. कायद्याने नको आणि उन्हाळ्यानेही नको. आधी गोड्या पाण्याची साधी टाकी करा. वर्षभर ती नीट चालली, वहीत एक दिवसही खाडा पडला नाही, तर मग समुद्राचे पाणी, भाजलेले दगड आणि दोन क्लाउन मासे. त्यालाही पोराने हो म्हटले पाहिजे."

पोराने तोंड वाकडे केले. त्याला निळ्या उजेडातले हलणारे प्रवाळ हवे होते. त्याचे मला वाईटही वाटले. मीही काचेला नाक लावून उभा राहिलेला मुलगा आहे. पण सहा पांढरी पोटे त्याने पाहिलेली नाहीत, मी पाहिली आहेत.

गोड्या पाण्याच्या टाकीला काय लागते ते भराभर सांगतो. छप्पन लिटर पाणी म्हणजे छप्पन किलो वजन. वर काच आणि खडे. सत्तर किलोच्या पुढे जाते. कपाटाच्या फळीवर ठेवू नका. सपाट, मजबूत ठाण हवे. खाली थर्मोकोल घाला, म्हणजे काचेला खडा टोचणार नाही. खिडकीच्या उन्हात ठेवू नका. पाणी हिरवे होते. स्पंजचा फिल्टर आणि हवेचा पंप पुरे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढा आणि मुरवलेले नवे घाला. स्पंज मळला तर काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा दाबा. नळाखाली नको. साबण तर कधीच नको.

खाणे दिवसातून एकदा. दोन मिनिटांत संपेल एवढेच. आपली माणसे पाहुण्याला आग्रह करून वाढतात. मासा आग्रहाला नाही म्हणत नाही आणि उरलेले पाण्यात कुजते. लहान पोरे येता-जाता चिमूट टाकतात. डबा उंच ठेवा.

मासे म्हणाल तर पहिल्यांदा गप्पी. तो विकत घ्यावा लागत नाही. हिवताप, डेंग्यूच्या डासांच्या अळ्या तो खातो, म्हणून आरोग्य खाते त्याची पैदास करते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. हौदात, टाकीत सोडायला देतात. त्यातले आठ-दहा घरच्या टाकीला पुरतात. महिन्या-दीड महिन्यात पिले होतात. ती जास्त झाली तर हौदात सोडा किंवा शेजाऱ्याला द्या. ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. गप्पी परक्या देशातला मासा आहे. आपल्या ओढ्यातल्या बारक्या माशांच्या तोंडचा घास तो काढून घेतो.

आता पुढे काय झाले ते सांगतो. पोराचा हट्ट दोन दिवसांत थंड झाला. तो कॉलेजला जातो, मोबाईल बघतो. पण टाकी तर आली होती. मग तिचे कोण बघणार? आजी म्हणाल्या, "मी बगते. मला दुसरं काय काम हाय?"

त्यांनी दोन रुळी वही केली. रोज सकाळी टाकीत चिमूट टाकायची. संध्याकाळी नळीत पाणी घ्यायचे, थेंब मोजायचे, रंग बघायचा, वहीत लिहायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी अमोनियाचे 'अमुन्या' लिहिले. मी खोडले नाही. दुसऱ्या आठवड्यात वहीत रोज 'हिरवा' होते. तिसऱ्यात 'हिरवा' आणि 'जांभळा'. चौथ्यात अमोनिया 'पिवळा' झाला, नायट्राइट 'जांभळा'च राहिला. एके दिवशी त्या रागावून म्हणाल्या, "ह्यो जांबळा जाईना बया." मी म्हटले, "आजी, लोणचे मुरतेय. झाकण उघडू नका." एका रात्री वीज गेली, तेव्हा सून उठली आणि तिने बॅटरीचा पंप लावला. तेही वहीत आहे. वेळेसकट.

काल वर्ग सुटल्यावर आजींनी वही माझ्यापुढे धरली. सलग पाच दिवस एका ओळीत 'पिवळा', दुसऱ्या ओळीत 'आकाशी'. म्हणाल्या, "मास्तर, आता आणायचं का मासं?"

आजी, आरोग्य केंद्रात मी सांगून ठेवले आहे. उद्या सकाळी नऊला फाट्यावर या. झाकणाची बादली आणा. तिच्यात तुमच्या टाकीतलेच पाणी अर्धे भरून आणा. नातवालाही उठवून आणा. बादली जड होईल.